सांबालचे प्रकार किती? मोजायला बसण्याआधी

इंडोनेशियाच्या जेवणाबद्दल कुठलाही लेख उघडा, सुरुवातीलाच एक वाक्य भेटतं: तिथे सांबालचे शेकडो प्रकार आहेत. कुणी दोनशेच्या वर सांगतं, कुणी तीनशे. आकडा ऐकायला छान वाटतो आणि म्हणूनच तो एका लेखातून दुसऱ्या लेखात फिरत राहतो. माझा विषय आंबवलेल्या पदार्थांचा. सांबालमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट पडते, तिच्या मागावर मी या वाचनात शिरले. पण वाचता वाचता वाटलं की पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना सांगण्यासारखं यात बरंच आहे. कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या शीर्षकात 'अमुकच्या विविध प्रकारांचा अभ्यास' असतं, आणि 'प्रकार' म्हणजे नक्की काय ते आत कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी सांबाल म्हणजे काय ते पाहू. ढोबळमानाने सांगायचं तर मिरची आणि मीठ एकत्र वाटून, त्यात लसूण, छोटे लाल कांदे, टोमॅटो, गूळ, लिंबू असं काही ना काही घालून केलेलं तिखट तोंडीलावणं. आपल्या ठेच्याच्या जवळचं. शब्द मूळचा जावानीज, तिथे उच्चार 'साम्बेल'. ते भाताच्या ताटात कडेला असतं आणि ते नसेल तर अनेकांना जेवल्यासारखंच वाटत नाही. बाटलीत मिळणारा गुळगुळीत लाल सॉस वेगळा, तो आपण बाजूला ठेवू.

आता एक गंमत करून बघा. समजा मिरच्या चार जातीच्या घेतल्या. त्या कच्च्या, भाजलेल्या किंवा तळलेल्या, असे तीन पर्याय. मुख्य चव आणणारा घटक पाच तऱ्हेचा, आणि आंबटपणा चार तऱ्हांचा. चार गुणिले तीन गुणिले पाच गुणिले चार, झाले 240. एकाही स्वयंपाकघरात पाऊल न टाकता आपण 'शेकडो प्रकारां'पर्यंत पोचलो! म्हणजे तो आकडा खोटा आहे असं नाही. पण मोजण्याचं एकक ठरवलं नाही तर 24 काय आणि 2400 काय, दोन्ही सारखेच खरे. तुमचा गाईड व्हायव्हाच्या आधी हाच प्रश्न विचारणार आहे, तेव्हा तो आपणच विचारून घेऊ.

मिरचीचं काय केलं?

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलेला निकष साधा आहे. घटक कोणते हे नंतर, आधी मिरचीवर कोणती क्रिया झाली ते बघा.

जावामधला सांबाल तेरासी घ्या. तेरासी म्हणजे वर म्हटलेली कोळंबीची पेस्ट. ती आधी भाजतात, मग मिरची, मीठ, थोडा गूळ, बहुतेकदा टोमॅटो यांच्याबरोबर वाटतात. वाटण्याचं साधन म्हणजे चोबेक, एक उथळ दगडी थाळी, आणि उलेकान नावाचा वाकड्या मुठीचा बत्ता. खलबत्त्यात आपण आपटतो, इथे मनगट फिरवत घासतात. या घासण्यात मिरचीच्या पेशी फुटतात. तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन मुख्यतः बियांमध्ये नसतं, बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढरट शिरेत असतं. शीर वाटली गेली की ते सगळीकडे पसरतं. लसूण-कांद्याचंही तसंच: पेशी फुटल्या की आतलं अ‍ॅलिनेज हे एन्झाइम कामाला लागतं आणि तो ओळखीचा उग्र वास तयार होतो. जितक्या जास्त पेशी फुटतील तितका वास जास्त.

याउलट बालीचा सांबाल माताह. 'माताह' म्हणजे कच्चं. यात वाटणं नाहीच. छोटे लाल कांदे, मिरची, गवती चहाचा खालचा कोवळा पांढरा भाग, मकरूट लिंबाची पानं, सगळं अगदी बारीक चिरायचं, त्यात थोडी तेरासी, लिंबू आणि खोबरेल तेल. दिसायला कोशिंबीरच. यादी वाचली तर दोन्हींत मिरची आहे, कांदा आहे, तेरासी आहे. पण चिरल्यामुळे पेशी कमी फुटल्या, आणि कॅप्सायसिन पाण्यापेक्षा तेलात चांगलं विरघळत असल्यामुळे ते तेलाबरोबर जिभेवर येतं. एका घासात नुसता कांदा, पुढच्या घासात एकदम मिरची. घटकांची यादी हीच तुमच्या वर्गीकरणाची मुख्य कसोटी असेल तर हे दोघं शेजारी बसतील, आणि खाणारा तुम्हाला हसेल.

तिसरी तऱ्हा तळण्याची. जावाचा सांबाल बाजाक घ्या: वाटलेला मसाला तेलात, केमिरी नावाच्या अक्रोडासारख्या तेलकट बीसकट, गूळ घालून गडद होईपर्यंत परततात. पाणी उडून जातं, म्हणून तो काही दिवस टिकतो. माताह मात्र त्याच दिवशी संपवावा लागतो. टिकण्यातला हा फरक साधा वाटेल, पण कोण रोज करतं, कोण आठवड्याचं करून ठेवतं, कोण विकत आणतं या सगळ्या सामाजिक प्रश्नांची वाट इथूनच जाते.

आणि मग जावातला सांबाल कोरेक आहे. तो वाटलेला असतो आणि त्यावर कडकडीत तेल ओतलेलं असतं. हा कच्चा की शिजवलेला? दोन्ही. कुठलाही निकष घेतला की असा एखादा मध्ये येऊन बसतोच. तो तुमच्या तक्त्यात बसत नाही म्हणून गाळू नका, त्याच्यासाठी एक रकाना ठेवा.

नावावर जाल तर फसाल

आता नावांकडे. मला यात सगळ्यात जास्त मजा आली.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांबरोबर ती आशियात आली. पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये घेतला आणि मलाक्का 1511 मध्ये, म्हणजे आपल्याकडे आणि तिकडे ती साधारण एकाच लाटेत पोचली. पण इंडोनेशियन भाषेत मिरचीला 'चाबाइ' म्हणतात, आणि जुन्या जावानीज साहित्यात 'चाब्या' हा शब्द मिरची येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. हे कसं? चाब्या म्हणजे पिंपळीची एक बहीण, पायपर रेट्रोफ्रॅक्टम. आयुर्वेदात जिला 'चव्य' म्हणतात तीच ही. नवी तिखट वस्तू आली आणि जुन्या तिखट वस्तूचं नाव घेऊन बसली. मूळ चाब्याला मग 'चाबे जावा' म्हणजे जावाची मिरची म्हणायची वेळ आली!

हे एकदाच घडलेलं नाही. मलय भाषेत 'लाडा' म्हणजे मिरी. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ भाषेत त्याच शब्दाचं रूप 'लाडो', आणि त्याचा अर्थ मिरची. संस्कृत 'मरीच'वरून इंडोनेशियनमध्ये 'मरिचा' आलं, अर्थ मिरी. उत्तर सुलावेसीतल्या मानाडोकडे मिरचीला म्हणतात 'रिचा'. आता मराठीकडे बघा: मरीचवरून मिरी, आणि मिरीवरून मिरची. समुद्राच्या दोन्ही बाजूंना लोकांनी नव्या पाहुण्याचं बारसं एकाच पद्धतीने केलं.

याचा संशोधनातला अर्थ असा की एखाद्या जुन्या ग्रंथात 'चाब्या' सापडलं तर 'बघा, तेव्हाही मिरची होती' असं लिहिता येत नाही. याहून मोठा सापळा लोम्बोक बेटाच्या नावात आहे. जावानीजमध्ये 'लोम्बोक' म्हणजे मिरची. लोम्बोक बेट झणझणीत जेवणासाठी प्रसिद्ध, तिथला प्लेचिंग कांगकुंग, म्हणजे नाळीच्या भाजीवर टोमॅटो-मिरचीचं सांबाल, सगळीकडे खाल्ला जातो. तेव्हा बेटाचं नाव मिरचीवरूनच, असं वाटणं अगदी स्वाभाविक. पण प्रपंच या कवीच्या 1365 सालच्या 'नागरकृतागम' या काव्यात हे बेट 'लोम्बोक मिराह' म्हणून आलेलं आहे. 'मिराह' म्हणजे लाल, माणिक. आजच्या वाचकाला सरळ 'लाल मिरची' ऐकू येईल! आणि 1365 मध्ये आशियात एकही मिरचीचं झाड नव्हतं. कोलंबस निघायलाच अजून सव्वाशे वर्षं होती. सासाक भाषेत या शब्दाचा अर्थ 'सरळ' असा सांगितला जातो. एक तारीख नीट माहीत असली की केवढं मोठं घर कोसळतं बघा.

उलटही होतं. आचेहमध्ये 'सांबाल गांजा' नावाचं एक प्रसिद्ध सांबाल आहे. कोळंबी, बिलिंबी, मिरची, छोटे कांदे आणि लिंबाची पानं. गांजा अजिबात नसतो. खाणारा थांबत नाही, म्हणून गमतीने पडलेलं नाव. स्थानिक नाव 'आसाम उदेउंग', म्हणजे साधं 'आंबट कोळंबी'. आणि 'सांबाल गोरेंग' नावाखाली पुष्कळदा जे मिळतं ती बटाटा-कलेजीची भाजी असते, ईदच्या जेवणातली. गोरेंग म्हणजे तळलेलं. ते तोंडीलावणं नाहीच, ताटातला मुख्य पदार्थ आहे. मग ते मोजायचं की नाही?

मिनांगकाबाऊमध्ये तर पायाच हलतो. तिथे 'साम्बा' म्हणजे भाताबरोबर खायचं कुठलंही कालवण, मासा, मांस, भाजी, काहीही. तिखट तोंडीलावण्याला वेगळं 'साम्बा लाडो' म्हणावं लागतं. जावामधून आलेला संशोधक 'तुमच्याकडे किती सांबाल?' विचारेल आणि मिनांग आजी तिच्या सगळ्या स्वयंपाकाची यादी सांगेल. प्रश्नावली तीच, शब्द तोच, आणि डेटा निरुपयोगी. सर्व्हे करणाऱ्यांनी हे उदाहरण टेबलावर चिकटवून ठेवावं असं माझं मत.

जवळा आणि तिरफळ

प्रादेशिक फरक जिथे खरोखर ठळक दिसतो तो मिरचीच्या सोबत्यांमध्ये. मिरची सगळीकडेच पोचली, सोबती मात्र त्या त्या मातीतले राहिले.

तेरासी बनते रेबोन नावाच्या बारक्या कोळंबीपासून. ती बहुतांशी असिटीस वंशातली, म्हणजे आपला जवळा. कोकणात आपण जवळा वाळवून ठेवतो. तिथे तो मीठ घालून कुटतात, वाळवतात, पुन्हा कुटतात आणि आंबू देतात. या काळात प्रथिनं तुटून ग्लुटामेट सुटं होतं, त्यातूनच ती भरदार चव येते. वास कच्चा असताना भयंकर, भाजल्यावर भूक लावणारा. माझ्या विषयाचा असूनही हा भाग इथे थोडक्यात उरकते, तेरासीवर स्वतंत्र लेख लिहायचा आहे.

दक्षिण सुमात्रा आणि जांबीकडे जा, तिथे सांबालमध्ये तेंपोयाक पडतं. तेंपोयाक म्हणजे डुरियान फळाचा आंबवलेला गर. मानाडोकडे रोआ नावाचा लांब चोचीचा मासा धुरावर सुकवून कुटतात आणि त्याचं सांबाल करतात. पश्चिम जावाच्या सुंदा भागात ओंचोम, म्हणजे तेल किंवा टोफू काढल्यावर उरलेल्या चोथ्यावर बुरशी वाढवून केलेला पदार्थ. आंबवणं, धुरी, बुरशी: तिन्ही टिकवण्याच्या युक्त्या. हातातला कच्चा माल कोणता, यावर युक्ती ठरली आणि युक्तीवर चव.

उत्तर सुमात्रात तोबा सरोवराच्या परिसरातले बाटाक लोक सांबाल तुकतुक करतात, त्यात आंडालिमान घालतात. हे बारीक हिरवं फळ तोंडात गेलं की जीभ झिणझिणते, बधिर होते. ओळखीचं वाटलं? मालवणी किंवा गोव्याकडचे वाचक 'तिरफळ!' म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. दोन्ही झँथॉक्सायलम या एकाच वंशातल्या वेगळ्या जाती आहेत. झिणझिण्या आणणारी सान्शूल वर्गातली संयुगं ही या वंशाची खूण आहे. लक्षात घ्या, हा तिखटपणा मिरचीचा नव्हे. कॅप्सायसिन उष्णतेची जाणीव देणाऱ्या टीआरपीव्ही1 या ग्राहकाला चेतवतं (त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं), तर सान्शूलने स्पर्शाच्या नसा थरथरल्यासारखं वाटतं. म्हणून सांबाल तुकतुकला स्कोव्हिल एककात मोजून 'मध्यम तिखट' असा शेरा मारला तर त्यातलं अर्धं मोजमापाच्या बाहेरच राहिलं. मोजपट्टी जे मोजते तेवढंच दिसतं.

नकाशा की ताट?

इथपर्यंत आल्यावर एक सोपी परिकल्पना सुचते: पूर्वेच्या बेटांवर कच्चं आणि आंबट, पश्चिमेला वाटलेलं आणि तळलेलं. पुरावेही भराभर जमतात. बालीचा माताह कच्चा. मानाडोचं दाबु-दाबु कच्चं, मिरची, टोमॅटो, कांदा चिरून वर लिंबू आणि बऱ्याचदा गरम तेल. मालुकूचं चोलो-चोलोही कच्चं आणि चांगलंच आंबट. नकाशावर रंग भरायला घ्यावेत असं वाटतं.

मग उलटे पुरावे शोधायचे. त्याच मानाडोचं रोआ सांबाल शिजवलेलं आणि कोरडसर. पश्चिमेच्या सुंदा भागात पानं, काकडी, कोवळी वांगी अशा कच्च्या भाज्यांबरोबर कच्चं सांबाल रोज असतं. म्हणजे नकाशा फाटला. पण फाटला कुठून ते बघा. मानाडोमध्ये दाबु-दाबु कशाबरोबर खातात? भाजलेल्या ताज्या मासळीबरोबर. चोलो-चोलो? भाजलेली मासळी. माताह? बहुतेकदा भाजलेली मासळी किंवा कोंबडी. आणि रोआ सांबाल? तिनुतुआन, म्हणजे भोपळा, मका, पालेभाज्या घातलेली तांदळाची पेज, आणि हो, तळलेली केळी. एकाच गावात, एकाच घरात दोन अगदी वेगळी सांबाल, कारण समोरचं ताट वेगळं.

मला वाटतं, सांबालच्या विविधतेचं जास्त चांगलं स्पष्टीकरण प्रांतापेक्षा ताटात मिळेल. हे सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही, हा तपासण्यासारखा दावा आहे. तपासायचा कसा तेही सरळ आहे: प्रत्येक नोंदीत 'सोबत काय' हा रकाना घ्या आणि क्रियेचा मेळ प्रांताशी जास्त बसतो की सोबतच्या पदार्थाशी, ते पाहा. गंमत म्हणजे पाककृतींच्या पुस्तकांत नेमका हाच रकाना पुष्कळदा गाळलेला असतो. ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर एक नाव माहीत असू द्या: 'मुस्तिका रासा'. सुकार्नोंच्या काळात सरकारने हाती घेतलेलं आणि 1967 मध्ये प्रसिद्ध झालेलं हे अवाढव्य पुस्तक, अकराशेच्या वर पानं, देशभरातून गोळा केलेल्या पाककृती. असा संग्रह कुठल्याही संशोधकाला सोन्यासारखा. पण राष्ट्रीय भाषेत, राष्ट्रीय शीर्षकांखाली नोंद करायची म्हटली की एक गोष्ट नकळत घडते. मानाडोतल्या माणसासाठी ते नुसतं 'दाबु-दाबु' असतं. जकार्ताच्या हॉटेलच्या मेनूवर त्याचं 'सांबाल दाबु-दाबु' होतं, अंबोनच्या चोलो-चोलोचं 'सांबाल चोलो-चोलो'. जावानीज शब्द सगळ्यांचं आडनाव होऊन बसतो. मग शेकडो सांबालांच्या मोजणीत हे दोघेही येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत ती सांबाल नव्हतीच हे कुठे लिहिलेलं राहत नाही.

म्हणून माझ्या स्वतःच्या शीटमध्ये मी नावाचे दोन रकाने ठेवलेत: एक पुस्तकातलं नाव, एक करणाऱ्याच्या तोंडचं. त्यानंतर मिरचीवरची क्रिया, सोबती, आंबटपणा कशाचा, किती दिवस टिकतं आणि सोबत काय खातात. 'प्रकार' नावाचा रकाना अजून रिकामाच आहे. तो शेवटी भरायचा असतो.